गाडीला अर्थ नाही!

मोटारगाडी सुरू करणाऱ्या यंत्राला आपण मराठीत ‘सेल्फ’ म्हणतो. ‘सेल्फ मार’, ‘सेल्फ लागत नाही’, ‘सेल्फ घेते पण स्टार्ट होत नाही’ ही वाक्यं कधी गाडी न चालवलेल्या माणसालाही कळतात. मूळ शब्द ‘सेल्फ स्टार्टर’. इंग्रजी बोलणाऱ्यांनी त्यातला ‘सेल्फ’ टाकून ‘स्टार्टर’ ठेवला, आपण नेमकं उलट केलं. पण आपण ठेवलेल्या त्या अर्ध्या शब्दात जुन्या काळची नवलाई शिल्लक आहे. गाडी आपली आपण सुरू होते! म्हणजे त्याआधी ती तशी होत नव्हती. कुणीतरी तिच्या पुढ्यात उभं राहून तिला जागं करत होतं, आणि त्या भानगडीत कधी कधी त्याचा हात मोडत होता.

हा सेल्फ आला कसा, आणि तो लागत नाही तेव्हा नेमका दोष शोधायला माणसं कशी शिकली, याची हकीकत आज सांगायची आहे. सुरुवात घरापासून करतो.

१९८४ सालचा पावसाळा. आम्ही सांगलीत राहत होतो. वडील वकील. त्यांनी दोन वर्षांपूर्वी एक गाडी घेतली होती, तिसऱ्या हातातली. श्रावणाच्या तोंडावर ती रुसली. किल्ली फिरवली की ‘टक्’ असा एकच आवाज यायचा आणि पुढे सगळं शांत. दोन पोरांनी धक्का दिला की मात्र दहा पावलांत सुरू व्हायची आणि मग तिची काही तक्रार नसायची. बंद केली की पुन्हा तेच. वडील कोर्टाबाहेर गाडी लावायला उताराची जागा शोधायचे, आणि सांगलीसारख्या सपाट गावात उतार शोधणं म्हणजे काय, ते सांगलीकरांना सांगायला नको. गॅरेजवाल्यानं बॅटरी गेली म्हणून सांगितलं. नवी बॅटरी घातली. तरी ‘टक्’. मग सेल्फ उतरवला, त्याचे कार्बन बदलले, बुश बदलले. पुन्हा ‘टक्’. वडिलांचा महिन्याचा हिशेब कोलमडला तो वेगळाच. त्यात आजीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची मिरजेची तारीख ठरलेली. तिला गाडीत बसवून रस्त्यात धक्का मारायला कुणाला बोलवायचं? वडिलांनी गाडी विकायचं ठरवलं. तेवढ्यात त्यांच्या एका पक्षकारानं सेल्फ-डायनमोची कामं करणाऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना आमच्या दारात आणून उभं केलं.

त्यांनी काय केलं ते जरा थांबून सांगतो. कारण ते नीट कळायचं तर शंभर वर्षं मागे जावं लागेल.

कार्ल बेंझ यांनी १८८६ साली आपल्या तीनचाकी मोटारगाडीचं पेटंट घेतलं. त्या गाडीत सेल्फ नव्हता. मागे आडवं बसवलेलं मोठं चाक हातानं फिरवून इंजिन सुरू करायचं. वीज मात्र होती. सिलिंडरमधलं पेट्रोलच्या वाफेचं मिश्रण पेटवायला ठिणगी लागते, ती बॅटरी आणि कॉइलवर पडायची. सगळ्यांत जास्त त्रास आपल्याला या ठिणगीनंच दिला, असं बेंझ पुढे सांगत. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या पत्नी बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघाल्या. शंभरेक किलोमीटरचा रस्ता. वाटेत इंधनाची नळी तुंबली ती त्यांनी टोपीच्या पिनेनं साफ केली, आणि ठिणगीच्या तारेचं आवरण गेलं तेव्हा आपल्या मोज्याचा पट्टा तिला गुंडाळला, असं सांगतात. मोटारगाडीचा विजेचा बिघाड रस्त्यात उभं राहून दुरुस्त केल्याची इतकी जुनी हकीकत दुसरी माझ्या वाचनात नाही, आणि ती दुरुस्ती एका बाईनं केली. पुढे सेल्फ आल्यावर ‘आता बायकांनाही गाडी चालवता येईल’ अशा जाहिराती झाल्या. त्या वाचताना मला बर्थाबाई आठवतात आणि हसू येतं.

बेंझ यांच्या मागोमाग आलेल्या गाड्यांना पुढून हँडल मारायची पद्धत पडली. आपल्याकडे जीप, ट्रक चालवलेल्या जुन्या पिढीला हे हँडल चांगलं माहीत आहे. बंपरच्या भोकातून लोखंडी दांडा घालायचा, इंजिनच्या दांड्यात अडकवायचा आणि झटक्यात वर ओढायचा. दिसायला सोपं, पण ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलट फिरतं आणि हँडल मनगटावर बसतं. मनगटाच्या अंगठ्याकडच्या हाडाच्या एका विशिष्ट मोडण्याला डॉक्टर लोक आजही ‘शोफर फ्रॅक्चर’ म्हणतात, ते याच हँडलामुळे. म्हणून जाणते ड्रायव्हर नवशिक्याला पहिलं सांगायचे की अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेव, दांड्याला विळखा घालू नकोस. हँडल उलटलं तर निदान हातातून सुटेल.

त्या काळी गाडी सुरू होत नसेल तर विजेच्या बाजूनं एकच प्रश्न असायचा, ठिणगी आहे की नाही. तोही प्रश्न बॉश कंपनीच्या मॅग्नेटोनं बराच सोपा केला. १९०२ मध्ये त्या कंपनीतल्या गोटलोब होनोल्ड यांनी जास्त दाबाचा मॅग्नेटो आणि त्याच्याबरोबर स्पार्क प्लग तयार केला. मॅग्नेटो म्हणजे लोहचुंबकावर चालणारं छोटं जनित्र. इंजिन फिरलं की तोच वीज करणार, बॅटरीची गरजच नाही. गाडीत बॅटरीच नसेल तर ती उतरणार कुठून?

हे सगळं चित्र ज्यांनी पालटलं ते अमेरिकेतल्या ओहायोचे चार्ल्स केटरिंग. हे गृहस्थ आधी डेटन गावात दुकानातल्या गल्ल्याची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत होते. गल्ल्याचा दांडा हातानं फिरवावा लागे, तो विजेवर फिरावा म्हणून त्यांनी एक छोटी मोटार केली होती. ती दिवसभर चालणार नव्हती. क्षणभर जोर लावायचा आणि थांबायचं, एवढंच तिचं काम. पुढे त्यांनी एडवर्ड डीड्स यांच्याबरोबर १९०९ मध्ये स्वतःची कंपनी काढली, तीच डेल्को. सुरुवातीची प्रयोगशाळा म्हणजे डीड्स यांच्या घरामागचं कोठार. कॅडिलॅक कंपनीचे प्रमुख हेन्री लेलँड यांना विजेवर सुरू होणारी गाडी हवी होती. लेलँड यांचे मित्र बायरन कार्टर एका बाईंची बंद पडलेली गाडी हँडल मारून सुरू करायला गेले, हँडल उलटलं, त्यात ते दगावले आणि म्हणून लेलँड यांनी हा हट्ट धरला, अशी गोष्ट पुष्कळ पुस्तकांत आहे. मी तिच्यावर फार भर देत नाही. गोष्टीत सांगतात ते साल १९१० आणि कार्टर तर १९०८ मध्येच वारले होते.

जाणकारांचं म्हणणं होतं की एवढं इंजिन फिरवायला जवळपास इंजिनाएवढीच विजेची मोटार लागेल. केटरिंग यांना गल्ला आठवला. इंजिन दिवसभर फिरवायचंच नाही, चार-पाच सेकंद ढकलायचं आहे. तेवढ्यापुरती छोट्या मोटारीवर तिच्या कुवतीबाहेर वीज सोडली तरी ती जळणार नाही, कारण तापायच्या आत काम संपलेलं असेल. १९११ मध्ये चाचणी झाली आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत सेल्फ बसून बाजारात आला. तीच मोटार एकदा इंजिन चालू झालं की जनित्र बनून बॅटरी भरायची आणि दिवेही लावायची. या कामगिरीबद्दल कॅडिलॅकला ब्रिटनची ड्यूअर ट्रॉफी मिळाली. फोर्डच्या टी मॉडेल गाडीत मात्र १९१९ पर्यंत सेल्फ मिळत नव्हता.

इथे इतिहासातली एक गंमत सांगायला हवी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बॅटरीवर चालणाऱ्या गाड्याही चांगल्या खपत होत्या. त्यांचा मोठा गुण हा की हँडल मारावं लागत नसे. सेल्फनं तो गुण पेट्रोलच्या गाडीला दिला. मग विजेच्या गाड्या मागे पडल्या, त्याला आणखीही कारणं होती, पण हे एक मोठं. विजेच्या गाडीचा घास विजेच्याच मोटारीनं घेतला.

केटरिंग पुढे जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचे प्रमुख झाले. त्याच कंपनीनं १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला सुटे भाग जोडून गाड्या करायचा कारखाना काढला. १९४४ मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, तिचा कुर्ल्याचा कारखाना मुंबईकरांना फियाट आणि पुढे पद्मिनी देत राहिला. प्लगसाठी बेंगळुरूची मायको १९५१ मध्ये, सेल्फ-डायनमोसाठी चेन्नईची लुकास-टीव्हीएस १९६१ मध्ये सुरू झाली. कारखान्यांच्या मागोमाग गावोगावच्या नाक्यांवर लोखंडी टपऱ्या आल्या. पाटीवर ‘सेल्फ, डायनमो, बॅटरी चार्जिंग’, आत काळवंडलेलं बाकडं, त्याला लावलेला पक्कड-शेगडा आणि भिंतीवर खिळ्याला अडकवलेल्या वायरींचे गुंडाळे. या टपऱ्यांमध्ये सेल्फचं जे दातेरी चाक पुढे सरकून इंजिनाच्या मोठ्या चाकाला धरतं, त्याला ‘बेंडिक्स’ म्हणतात. व्हिन्सेंट बेंडिक्स हे त्या युक्तीला बाजारात आणणाऱ्या अमेरिकन माणसाचं आडनाव. ‘बेंडिक्स गेला’ म्हणणाऱ्या मिस्त्रीला तो माणूस होता हे ठाऊक नसतं, पण नाव त्याच्या तोंडी रोज असतं.

आता सेल्फनं सोय केली तशी एक नवी अडचणही आणली. ठिणगीच्या कॉइलला तीन-चार अँपिअर वीज पुरते. हेडलाइटच्या जोडीला आठ-दहा. सेल्फ मात्र लहान गाडीतसुद्धा शंभर-दीडशे अँपिअर ओढतो, घट्ट बसलेलं थंड इंजिन फिरवायला त्याहूनही जास्त. एवढा लोंढा बॅटरीतून निघून जाड वायरीतून सेल्फमध्ये जातो आणि तितकाच परत बॅटरीत यावा लागतो. परत येण्याची वाट म्हणजे गाडीचं लोखंडी अंग. वायर वाचावी म्हणून गाडीच्या पत्र्यालाच दुसरी वायर मानायची ही पद्धत. तिला मिस्त्री ‘अर्थ’ म्हणतात. इंजिन रबराच्या गाद्यांवर बसवलेलं असल्यामुळे ते पत्र्याला चिकटत नाही, म्हणून इंजिन आणि पत्रा यांच्यामध्ये तांब्याच्या वेणीची एक पट्टी असते. गाडीच्या विजेच्या नकाशात ही पट्टी एका छोट्या रेघेनं दाखवतात आणि वाचणाऱ्याचं तिच्याकडे लक्ष जात नाही.

या लोंढ्याचा हिशेब कसा मांडायचा हे गाडी जन्मण्याच्या कितीतरी आधी एका शाळामास्तरांनी सांगून ठेवलं होतं. जर्मनीतल्या कोलोनचे गेऑर्ग ओहम. १८२७ मध्ये त्यांनी पुस्तक काढलं, स्वदेशात त्याचं स्वागत थंडच झालं, त्यांना नोकरी सोडावी लागली. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीनं त्यांना पदक दिलं. त्यांचा नियम शाळेत आपण घोकतो आणि विसरतो. प्रवाह गुणिले अडथळा म्हणजे वाटेत खर्ची पडणारा दाब. आता गाडीला लावून बघा. एखाद्या सांध्यावर गंज चढला आणि तिथे एका ओहमचा विसावा भाग एवढा क्षुल्लक अडथळा झाला. चार अँपिअर ओढणाऱ्या कॉइलसाठी तिथे फक्त व्होल्टचा पाचवा भाग खर्च होतो. कॉइलला पत्ताही लागत नाही. पण दीडशे अँपिअर जायचे तर तिथेच साडेसात व्होल्ट पडायला हवेत. बारा व्होल्टच्या बॅटरीत मग सेल्फच्या वाट्याला उरतं काय? तेवढा प्रवाह वाहूच शकत नाही. सेल्फ ‘टक्’ म्हणतो आणि गप्प बसतो.

म्हणजे बॅटरी चांगली, सेल्फ चांगला, वायर तुटलेली नाही, आणि गाडी सुरू होत नाही. मला विचाराल तर गाडीच्या विजेच्या दुरुस्तीचा सगळा इतिहास या एका कोड्याभोवती फिरतो. भाग मोडला तर तो दिसतो, बदलता येतो. सांधा मात्र दिसायला जोडलेला असतो. नुसता मीटर लावून वायर ‘चालू आहे का’ बघितलं तर मीटरही ‘चालू आहे’ म्हणतो, कारण मीटर त्या सांध्यातून चिमूटभरच वीज सोडतो. १९२३ मध्ये ब्रिटिश पोस्टखात्यातले अभियंता डोनल्ड मॅकेडी यांचा अ‍ॅव्होमीटर बाजारात आला. व्होल्ट, अँपिअर आणि ओहम तिन्ही मोजणारं एकच यंत्र. त्यानं दुरुस्ती करणाऱ्यांच्या हातात डोळे दिले हे खरं, पण कुठे बघायचं ते त्यांना शिकावंच लागलं. शहाणी माणसं जे शिकली ते असं, की वायर तपासायची ती सेल्फ मारत असताना. मीटरचं एक टोक वायरीच्या या बाजूला, दुसरं त्या बाजूला. वायर आणि सांधे चांगले असतील तर मीटरनं जवळजवळ शून्य दाखवायला हवं. आकडा दिसला की तेवढे व्होल्ट तिथे गळताहेत.

आमच्या दारात आलेल्या मिस्त्रींकडे मीटर नव्हता. बारा व्होल्टचा एक बल्ब, त्याला डाग दिलेल्या दोन वायरी आणि टोकांना चिमटे, एवढंच. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी वडिलांना हेडलाइट लावायला सांगितले आणि मला गाडीसमोर उभं केलं.

“आता मारा सेल्फ, वकीलसाहेब. बाळ, दिवे काय म्हणतात?”

टक् झालं. दिवे होते तसेच राहिले. मी तसं सांगितलं.

“बॅटरी मेली असती तर दिवे मेले असते,” मिस्त्री म्हणाले.

ही परीक्षा जुनी आहे आणि आजही घरच्या घरी करता येते. सेल्फ मारताच दिवे पार विझले तर बॅटरी रिकामी आहे किंवा तिच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी चढली आहे. दिवे निम्मे झाले आणि सेल्फ कण्हत थांबला तर तो लोंढा ओढतोय, पण फिरू शकत नाही. दिवे जराही हलले नाहीत तर लोंढा वाहिलाच नाही, वाट कुठेतरी अडली आहे. आवाजही बोलके असतात. लागोपाठ टकटकटक आलं तर बहुधा बॅटरी अशक्त. सेल्फ मोकळाच घर्रर्र फिरला तर बेंडिक्स धरत नाही. आणि सेल्फ छान घेतोय पण इंजिन पेटत नाही, तर सेल्फच्या मागे लागायचंच नाही, ठिणगी किंवा पेट्रोल बघायचं.

मिस्त्रींनी मग बॉनेट उघडलं. वडिलांना पुन्हा दोन-तीनदा किल्ली फिरवायला सांगितली आणि चोकची तार बोटांनी चाचपली. माझा हात धरून तिला लावला. तार कोमट होती. चोकच्या तारेत वीज नसते, ती नुसती ओढायची तार. पण लोंढ्याला परतीची हमरस्त्याची वाट मिळेना, तेव्हा तो इंजिनापासून गाडीच्या अंगाकडे जाणारी मिळेल ती पायवाट धरत होता. मग त्यांनी बल्बचा एक चिमटा इंजिनाला लावला आणि दुसरा बॅटरीच्या ऋण टोकाला. ही दोन ठिकाणं विजेच्या दृष्टीनं एकच असायला हवीत, बल्ब लागायला नकोच. वडिलांनी किल्ली फिरवली आणि बल्ब लख्ख लागला.

मिस्त्री वळून म्हणाले, “वकीलसाहेब, गाडीला अर्थच नाही.”

वडील वैतागलेलेच होते. “मिस्त्री, ते मला तीन आठवड्यांपासून कळतंय,” ते म्हणाले.

दोघंही एकमेकांकडे बघत राहिले आणि मग आधी मिस्त्री हसले. इंजिनाखालची ती तांब्याची पट्टी हिरवी पडून बोल्टजवळ चार-दोन तारांवर आली होती. धक्का मारल्यावर गाडी का सुरू व्हायची तेही आता उघड होतं. धक्का मारला की सेल्फची गरजच नाही, ठिणगीपुरते चार अँपिअर त्या उरलेल्या तारांतून आणि चोकच्या तारेतून सुखेनैव जात. मिस्त्रींनी पत्रा आणि बोल्ट पॉलिश पेपरनं चमकेपर्यंत घासले, जुन्या बॅटरीच्या वायरीचा तुकडा तिथे कसला आणि वरून ग्रीस फासलं. सेल्फ पहिल्या झटक्यात लागला. ठरलेल्या दिवशी आजी मिरजेला त्याच गाडीतून गेली आणि त्याच गाडीतून, डोळ्याला पट्टी बांधून, परत आली. नवी बॅटरी उगाच घेतली याची चुटपुट वडिलांना पुढे पुष्कळ दिवस होती.

मी नंतर तंत्रनिकेतनात वीज शिकवली. व्होल्ट गळण्याचा धडा आला की मी तो बल्ब घेऊन वर्गात जायचो.

त्या पिढीच्या गाड्यांत ठिणगीकडेही तेवढंच लक्ष द्यावं लागे. पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, डिस्ट्रिब्युटर ही मांडणीही केटरिंग यांचीच, सेल्फच्या थोडी आधीची. पॉइंट उघडले की कॉइलमधला प्रवाह तुटतो आणि त्या तुटण्यातूनच हजारो व्होल्टचा दाब उसळतो. पॉइंटची फट अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी ठेवावी लागे. कंडेन्सर गेला की पॉइंट जळून काळे पडत. कोकणात किंवा घाटमाथ्यावर पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या झाकणात आतून दव धरायचं आणि हजारो व्होल्ट प्लगकडे जायच्या ऐवजी त्या ओलाव्यावरून घसरून जायचे. सेल्फ जोरात घेतोय, गाडी काही पेटत नाही. मग झाकण काढून कोरड्या फडक्यानं पुसायचं, की झालं. मुंबईचे टॅक्सीवाले पावसाळ्यात सीटखाली असं फडकं ठेवत. पद्मिनी टॅक्सीच आता राहिल्या नाहीत, शेवटची नोंदलेली टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली.

पॉइंट गेले ते प्रदूषणाच्या नियमांमुळे. कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं, आणि केव्हा किती पेट्रोल सोडायचं, केव्हा ठिणगी पाडायची हे एक छोटा संगणक ठरवू लागला. आपल्याकडे १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीच्या गाड्यांबद्दल आदेश दिले, तेव्हापासून हा बदल झपाट्यानं झाला. अमेरिकेत १९९६ पासून आणि आपल्याकडे २०१० पासून टप्प्याटप्प्यानं गाडीला स्वतःचे दोष नोंदवून ठेवणं बंधनकारक झालं. डॅशबोर्डखालच्या खोबणीत स्कॅनर लावला की गाडी संकेतांक सांगते. क्रँकचा वेग मोजणाऱ्या सेन्सरचा बिघाड असेल तर ‘पी ०३३५’. सेन्सर बोलत नसेल तर संगणक ठिणगीच पाडत नाही, सेल्फ कितीही मारा. किल्लीतली चिप ओळखली नाही तरी तो गाडी सुरू होऊ देत नाही. चोराला अडवायला केलेली ही सोय कधी कधी मालकालाच अडवते.

इथेही जुनं कोडं संपलेलं नाही. तो संकेतांक सांगतो की सेन्सरच्या ‘सर्किट’मध्ये दोष आहे. तो सेन्सर बदला असं म्हणत नाही. पण पुष्कळ ठिकाणी संकेतांक वाचायचा आणि भाग बदलायचा असा शिरस्ता पडला आहे. नवा सेन्सर घातला जातो, गिऱ्हाइकाचे काही हजार जातात, आणि मग कुणीतरी वाकून बघतो तेव्हा पावसाळ्यात इंजिनाच्या उबेला आलेल्या उंदरानं वायर कुरतडलेली सापडते. हे बघितलं की मला आमची ती उगाच घेतलेली बॅटरी आठवते. बदलला तो भाग चांगला होता, याची दखल बिलात कुठेच नसते.

जुन्या हातोट्या जशाच्या तशा नव्या गाडीला लावू नयेत, हेही सांगायला हवं. मिस्त्रींचा तो बल्ब संगणकाच्या नाजूक वायरीला लावला तर नको तेवढी वीज ओढून नुकसान करू शकतो, तिथे चांगला डिजिटल मीटरच हवा. आणि डायनमो चार्ज करतोय का बघायला चालू गाडीत बॅटरीची वायर काढायची जुनी खोड असेल तर ती सोडाच. दाब एकदम उसळून संगणकाचा बळी जाऊ शकतो. नव्या गाडीची आणखी एक सवय अशी की ती झोपेतही थोडी वीज पिते. पन्नास मिलीअँपिअर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण दिवसाला त्याचे सव्वा अँपिअर-तास होतात. पस्तीस अँपिअर-तासांची लहान बॅटरी महिनाभरात कोरडी. २०२० च्या टाळेबंदीत दारात उभ्या राहिलेल्या कितीतरी गाड्या अशाच निजल्या.

मागच्या वर्षी पुण्याहून पुतण्याचा सकाळी फोन आला. त्याची गाडी विजेवर चालणारी. “काका, मोबाइल सांगतोय रात्री ऐंशी टक्के चार्ज होता, आणि आता गाडीचं दारसुद्धा उघडत नाही.” मी त्याला विचारलं, पुढे बॉनेटखाली साधी बारा व्होल्टची बॅटरी आहे ना? त्याला ती आहे हेच ठाऊक नव्हतं. या गाड्यांची मोठी बॅटरी काही शे व्होल्टची. सुरक्षेसाठी ती बंद असताना गाडीपासून तोडलेली असते आणि तिला जोडणारे मोठे रिले ओढायला, दारं उघडायला, संगणक जागा करायला बारा व्होल्टच लागतात. ती छोटी बॅटरी बसली की मोठीतले ऐंशी टक्के कुलपात. त्यानं किल्लीच्या पोटातली लोखंडी किल्ली काढून दार उघडलं, गाडीबरोबरच्या पुस्तिकेत बघून बॉनेट उघडलं आणि शेजाऱ्यांची जुनी पेट्रोलची गाडी जवळ आणून केबल जोडल्या. तांबडी धन टोकाला, काळी पुस्तिकेत दाखवलेल्या अर्थच्या बोल्टला. मी फोनवरच होतो.

“काका, बोल्ट गंजलाय थोडा,” तो म्हणाला.

“मग आधी घास,” मी म्हणालो.

जरा वेळ खरखर ऐकू आली. मग गाडीच्या पोटातून आवाज आला, टक्. आणि पाठोपाठ सगळे दिवे लागले.